कबरीचा नेम

डोंगर अजून एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराईच्या जत्रेला दरवर्षी शर्यत लागे. सहा डोंगर ओलांडून सातव्यावरच्या देवळाशी पोचायचं. ससे पोचत, हरणं पोचत, रानडुकरंसुद्धा धापा टाकत पोचत. शेळी मात्र आजवर एकही पोचली नव्हती. तिसऱ्या डोंगरावर बोरीची कोवळी पालवी दिसली, की सगळ्या तिथंच चरत राहत.

"काय शेळीबाई, यंदा कितव्या झुडपापर्यंत?" सशाने विचारलं.

कबरी नावाच्या शेळीला ते फार लागलं. तिने डोंगराईचं नाव घेऊन नेम धरला, की देऊळ गाठेपर्यंत तोंडात पान घालायचं नाही.

तिसऱ्या डोंगरावर तिची थोरली जाऊ पालवीत तोंड खुपसून उभी होती. "अगं, खा की एक घास. इथं कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, जाऊबाई," कबरी म्हणाली आणि मान वळवून पुढे निघाली.

पाचव्या डोंगरावर पोटात आग पडली. सहाव्यावर पाय लटपटू लागले. "आई, जीभ मी सांभाळते, पाय तेवढे तू सांभाळ," असं पुटपुटत ती चढत राहिली.

दिवस कलताना सगळ्यांच्या मागून ती देवळाशी पोचली. पुकारा करणाऱ्या म्हाताऱ्या वानराने विचारलं, "नाव काय सांगू, बाई?"

कबरीने मान ताठ केली. "नुसतं शेळी सांगा, दादा. कबरी म्हणालात, तर मी एकटीच पोचल्यासारखं होईल."