म्यानवाली

दर रविवारी मित्रांच्या साहसखेळात टेबलावर फासे पडत आणि काल्पनिक राक्षस मरत. या खेपेचा राक्षस ऋजुतानं मारला, पण खेळ चालवणाऱ्या यशोधननं जादूची तलवार बहाल केली आपल्या लाडक्या मकरंदला.

"एकदा उपसली की म्यानात गेलीच पाहिजे, नाहीतर धन्यालाच कापते!" त्यानं ऐटीत नियम सांगितला आणि ऋजुताला नुसतं म्यान दिलं. "तू हे घेऊन त्याच्या मागून चाल."

खेळातल्या पुढच्याच गुहेत मकरंदनं तलवार उपसली, शत्रू कापून काढले आणि म्यानासाठी हात पुढे केला.

ऋजुता जागची हलली नाही.

"अगं, दे ना! मरेल तो!" यशोधन ओरडला.

"म्यान माझं आहे. त्यात शिरेल ती तलवार माझी, आणि मागून चालेल तो मकरंद!"

मकरंदनं यशोधनकडे पाहिलंसुद्धा नाही. तलवार मुकाट म्यानात गेली.