चंद्राची माती

फार जुन्या काळी, पृथ्वी कोवळी असताना, एक मोठा धडाका झाला. एक भरकटलेला ग्रह तिच्यावर येऊन आदळला होता. तो आवाज ती कधी विसरली नाही.

पुढे खूप काळाने मंगळ चंद्राला म्हणाला, "तू तिचा नव्हेस रे. वाटेने जाताना तिने तुला धरून ठेवलंय. तिच्या पोटात केवढं लोखंड आहे, तुझ्यात आहे का तेवढं?"

चंद्र हिरमुसला. "आई, मी परका असेन तर मला जाऊ दे."

पृथ्वीच्या अंगावरच्या त्या धडाक्याच्या खुणा पावसाने केव्हाच धुऊन नेल्या होत्या. पण माणसांनी चंद्रावरून आणलेले दगड तिच्याजवळ होते.

"बाळा, यांच्यात प्राणवायूच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण माझ्या दगडांतल्यासारखंच आहे. मंगळाचं तसं नाही. यातला जुन्यात जुना कण जवळजवळ साडेचार अब्ज वर्षांचा, म्हणजे त्या धडाक्यानंतर लगेचचा. लोखंड त्याआधीच माझ्या पोटात खोल गेलं होतं. वरची साल उडाली, तिचाच तू झालास. जायचं तर जा, पण परका म्हणून जाऊ नकोस."

मग तोंड तिच्याकडेच ठेवून चंद्र दरवर्षी सरकतो तसा दोन बोटं दूर सरकला.