नाकावरून गेलेली शीव

शके सोळाशे एकाहत्तर, श्रावण वद्य पंचमी. चार दिवसांनी पाऊस उघडला होता. त्या सकाळी हिरडगडच्या जानरावराजांनी आपल्या वैद्यशाळेला हुकूम सोडला, "दसऱ्याला आमच्या आऊसाहेबांना आपट्याची पानं डोळ्यांनी दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर शाळेत घोडे बांधू!"

आऊसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आणि हिरडगडच्या शाळेत चौदा विद्यार्थी सहा-सहा वर्षं काय शिकत, तर मोडलेलं हाड बसवायला! डोळ्याला सळई लावणं गुरूलाच येत नव्हतं, तिथं शिष्याला कुठून येणार?

ती विद्या दोन कोसांवर, शेजारच्या आवळपूर संस्थानात होती. तिथल्या शाळेत भानुवैद्य डोळे शिकवत आणि हाडाला हात लावत नसत. त्यामुळे आवळपुरात सगळ्यांना स्वच्छ दिसायचं आणि निम्मे लंगडत चालायचे. हिरडगडात सगळे ताठ चालायचे आणि भिंतीवर आपटायचे. दोन्ही राजांना आपापल्या शाळेचा मोठा अभिमान!

"सरकार, भानुवैद्यांना बोलावू का?" हिरडगडचे गुरू दाजीशास्त्री भीत भीत म्हणाले.

"त्यांचं पाऊल आमच्या मातीवर पडता कामा नये! आणि आमच्या माणसाचं त्यांच्या मातीवर पडलं, तर ते पाऊल परत येणार नाही!"

शाळेच्या पडवीत सुंद्रा औषधं कुटत होती. वीस वर्षं ती तिथंच कुटत होती आणि तिथंच राहत होती. शाळेत घोडे आले की तिनं कुठं जायचं, हे हुकुमात नव्हतं.

तिला आणखी एक गोष्ट टोचत होती. गेल्या साली हिरडगडात पटकी आली. तेव्हा आवळपूरच्या शाळेनं दोन विद्यार्थी सहा महिने मदतीला धाडले. सुंद्रा मरणाच्या दारात होती. तिच्या तोंडात पेज घातली ती त्या दोघांनी. पटकी गेली आणि राजांनी त्या उपकाराची मोठी आठवण ठेवली. शिवेवर दोरी धरून चुन्याची रेघ मारली आणि येणंजाणं बंद केलं! पावसानं रेघ धुतली की ती पुन्हा मारायला दोन पगारी माणसं ठेवली. आवळपूरच्या राजांनीही तस्साच हुकूम काढला. शहाणपणात दोघे सारखेच.

"शास्त्रीबुवा," सुंद्रा बत्ता खाली ठेवून म्हणाली, "रेघेपर्यंत जायला बंदी आहे का?"

"रेघेपर्यंत नाही. पुढं आहे."

"मग नारोला माझ्याबरोबर द्या. आणि खाटकाला सांगून ठेवा, बकऱ्यांची मुंडकी रोज लागतील."

नारो हा शाळेतला सर्वांत स्थिर हाताचा विद्यार्थी. त्याच दिवशी सुंद्रानं रेघेवरून पलीकडच्या गुराख्याला हाक मारली आणि भानुवैद्यांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवसापासून रेघेच्या अलीकडे तो बसला, पलीकडे भानुवैद्य. मध्ये रेघेवर बकऱ्याचं मुंडकं. डावा डोळा भानुवैद्यांनी करायचा, उजवा नारोनं. चाळीस दिवस हेच चाललं. चुना मारणारी माणसं रोज बघत, मुंडकं उचलत, रेघ मारत आणि मुंडकं होतं तिथं ठेवत. हुकूम रेघेचा होता, मुंडक्याचा नव्हता.

घटस्थापनेच्या सकाळी राजे आईच्या पाया पडायला गेले, तर महाल रिकामा!

राजे घोडा फेकत शिवेवर आले. बघतात तो रेघेवर बाज, बाजेवर आऊसाहेब, आणि रेघेच्या नेमकी वर त्यांच्या नाकाची दांडी. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून झाली होती. उजव्या बाजूला नारोनं सळई उचलली होती.

"हुकूम मोडला!" राजे गरजले.

"जान्या, आवाज खाली!" आऊसाहेब निजल्या निजल्या म्हणाल्या. "सळई माझ्या डोळ्यापाशी आहे, तुझ्या नाही."

राजे खालच्या आवाजात सुंद्राकडे वळले. "कुणी केलं हे?"

"सरकार, कुणाचं पाऊल कुठं आहे ते बघा की. नारो आपल्या मातीवर. भानुवैद्य त्यांच्या मातीवर. आऊसाहेबांचं पाऊल तर बाजेवरच आहे. डावा डोळा आवळपुरात बरा झाला, उजवा हिरडगडात होईल."

"आणि बाज? तिचे दोन पाय पलीकडे आहेत!"

"ते दोन आवळपूरच्या सुतारानं केलेत. आपल्या सुताराचे दोन अलीकडे आहेत. एकही पाय परमुलखात नाही!"

"आणि आमच्या सुतारानं त्या सुताराबरोबर काम केलं?"

"नाही सरकार. दोघं दिवसभर भांडत होते. आपल्यासारखंच!"

राजांच्या मिशा थरथरल्या. पण सळई डोळ्यात शिरली होती. राजांनी श्वास धरला. नारोचा हात हलला नाही.

दसऱ्याला त्याच बाजेवर दोन्ही पट्ट्या सुटल्या. आऊसाहेबांनी आधी आपट्याची पानं बघितली, मग भानुवैद्य, मग नारो. शेवटी नजर लेकावर थांबली.

"जान्या, केवढं पोट सुटलंय तुझं! आणि ही चुन्याची रेघ कुठल्या मूर्खानं मारली?"

मग राजे हसले. इतके हसले, की तोल जाऊन एक पाय आवळपुरात पडला!

"सरकार, पाऊल!" सुंद्रा म्हणाली.

"राहू दे तिथंच! सुंद्रे, माग काय मागायचं ते. सोन्याचं कडं देऊ?"

"कडं घालून कुटता येत नाही. आवळपूरला दोन विद्यार्थी द्या. सहा महिन्यांसाठी."

राजांनी आईकडे बघितलं. आईनं दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"दिले!"

कार्तिकात हिरडगडचे दोन विद्यार्थी रेघ ओलांडून गेले. सहा महिने आवळपूरचे लंगडे चालते करून वैशाखात परत आले.

देणं फिटलं.