साळूबाईची पट्टी

"खुद्द देवानं हुंकार दिल्यावर आणखी कुणाला विचारायचं, महाराज?"

केरबाच्या या प्रश्नावर चेतनगीर महाराजांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते चिंचेनं घागर घासत होते.

टेकडीवरच्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी संध्याकाळी भजन व्हायचं. महाराजांचा गळा बसला तेव्हापासून त्यांचा शिष्य केरबा पुढे बसून गात होता. गळा त्याचा खणखणीत, यात वाद नाही. आणि हल्ली तो सूर लांबवायचा तेव्हा अख्खा दगडी गाभारा घुमायचा. पिंडीवर टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र थरथरायचं. महादेव केरबाला ओ देतो, असं गाव म्हणू लागलं. गावाला काय, कुणाला तरी हरभऱ्याच्या झाडावर चढवायचंच असतं. केरबाही फांदी घट्ट धरून बसला होता.

आता त्याला महाराजांची एकतारी हवी होती. ती ज्याच्या हातात, भजन त्याचं. महाराजांच्या मागे मठही त्याचाच.

"ही धर." महाराजांनी घागर पुढे केली. "तोंड जवळ ने आणि सूर लाव."

"घागरीत?"

"लाज वाटत असेल तर मी पाठ फिरवतो."

केरबानं सूर लावला. काही नाही. मोठ्यानं लावला, तरी नाही. मग आवाज हळूहळू चढवत नेला, आणि एका जागी घागर एकदम घुमली. त्याच्या तळहातांना मुंग्या आल्या.

महाराजांनी घागरीत दोन तांबे पाणी ओतलं.

"आता?"

तोच गळा, तोच सूर. घागर मुकी.

"वर चढ."

केरबा चढला. थोडं वर गेल्यावर घागर पुन्हा बोलली.

"हिच्यात कुठला देव आहे, केरबा?"

केरबानं घागर हलवून आतल्या पाण्याकडे पाहिलं.

"म्हणजे गाभाऱ्याचाही आपला एक सूर आहे," तो म्हणाला. "तेवढा लागला की तो घुमतो. कुणीही लावला तरी."

"हं."

"मग महादेव...?"

महाराजांनी घागरीतलं पाणी तुळशीला घातलं.

"पेटीची पट्टी कुठली धरतोस हल्ली?"

"काळी चार."

"माझ्या वेळी कुठली होती?"

"काळी दोन." केरबाचा आवाज खाली आला. "तिथं गाभारा घुमत नव्हता."

"आणि साळूबाई?"

साळूबाई गावातली म्हातारी. पुढच्यानं ओळ म्हटली की मागून ती उचलायची, याला झील धरणं म्हणतात. गावाची झील साळूबाई धरायची आणि तिच्या आधारानं बाकीच्या बायाबापड्या, म्हातारेकोतारे गायचे. केरबानं पट्टी चढवली तसा एकेक गळा तुटत गेला. आता साळूबाई खांबाला टेकून नुसत्या टाळ्या वाजवायची. केरबाला ते दिसत होतं. तिचं वय झालं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"तिचा गळा पोचत न्हाई तिथवर," तो पुटपुटला.

महाराज घागर उपडी घालून आत निघून गेले. त्यापेक्षा केरबाला शिवी चालली असती.

सोमवारी महाराज स्वतः देवळात आले. खांद्यावर एकतारी. केरबा सरसावून बसला.

"साळूबाई, तुमच्या गळ्याला सोसंल तिथनं धरा."

"मी? आता कुठला गळा, म्हाराज..."

"धरा."

तिनं धरलं. आवाज खरखरीत, दबकत निघालेला. पेटीवाल्यानं चाचपडत तिची पट्टी शोधली. महाराजांनी खुंटी पिळून एकतारीची तार तिच्या सुराला मिळवली आणि एकतारी केरबाच्या मांडीवर ठेवली.

"धरून बस. छेडायची नाही."

"आणि गायचं?"

"गा की. त्यांच्या मागं."

भजन सुरू झालं. गाभारा गप्प. अभिषेकपात्र निवांत लटकत होतं. दोघातिघांनी माना वळवून आत पाहिलं. केरबाचे कान तापले. तार छेडायला बोटं शिवशिवत होती, ती त्यानं मुठीत दाबून धरली.

दुसऱ्या ओळीला मागून आणखी काही गळे आले. तिसऱ्या ओळीला खांबाजवळच्या बायांचे गळे उघडले. गुरवही आरतीचं ताट खाली ठेवून गाऊ लागला. साळूबाईचा आवाज आता दबकत नव्हता. केरबाला स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि थोड्या वेळानं त्याचं त्याला काही वाटेनासं झालं.

तेव्हा त्याला मांडीवर काहीतरी जाणवलं. एकतारीचा भोपळा थरथरत होता. त्यानं खाली पाहिलं. एकतारीची तार कापत होती, एकीच्या दोन दिसत होत्या. तिच्याजवळ कुणाचंही बोट नव्हतं.

भजन थांबलं तरी ती क्षणभर गुणगुणत राहिली...

केरबा उठला. महाराजांपुढे गुडघे टेकून त्यानं दोन्ही हातांनी एकतारी पुढे केली.

"महाराज, मी तारेला बोट लावलं न्हाई. तरी समद्यांच्या सुरानं वाजत हुती."

महाराजांनी ती घेतली नाही.

"बोट लावलं नाहीस ना? मग राहू दे तुझ्याकडंच."