समुद्राकडे पाठ

आटपाट बेट होतं. होतं कसलं, हे काय, तुमच्या पायाखाली आहे तेच आडबेट. श्रावणातल्या पहिल्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर उतरलेला असतो त्या दिवशी, इथे खारफुटीच्या, कांदळाच्या शेंगा लावायला माणसं जमतात. शाळेतली पोरं येतात, कॉलेजातली येतात, तुमच्यासारखी लांबून गमबूट घेऊनही येतात. चिखलात उतरली की त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या. समुद्राकडे पाठ करून लावायचं, आणि शेंग रोवताना आपल्यापासून लांब असलेल्या एका माणसाचं नाव घ्यायचं. पोरं हसतात. हसू द्यावं. नाव घ्यायची वेळ आली की हसू आपोआप जातं.

तर या बेटावर राहायची बुधाबाय. तिचा नवरा हाशा, गलबत हाकणारा तांडेल, आणि एकुलती लेक येसू. घर अगदी पश्चिमेच्या टोकाला. घरापुढे भाताची शेतं, मग मातीचा बांध, आणि बांधापलीकडे खाडीच्या तोंडापर्यंत कांदळाचं दाट रान.

एका नारळी पुनवेनंतर हाशा दर्यावर गेला. शिमग्याला यायचा, तो आला नाही. दुसरा शिमगा गेला, तरी नाही. दारात बसावं तर समोर नुसती झाडं. बुधाबायला वाटायचं, शीड लांबून दिसलं तर वेळेवर भात तरी चढवता येईल, माणूस दमून येणार. म्हणून तिने कोयता घेतला आणि दारासमोरची कांदळं तोडली. खाडीचं तोंड लख्ख दिसायला लागलं.

शेजारची पारू बघायला आली. "अगो बुधे, तुला घरबसल्या दर्या दिसतो, आणि आम्ही काय पाप केलं?"

तिचाही नवरा मासेमारीला जायचा. तिनेही कोयता उचलला. तिचं बघून पलीकडचीने. शीड दिसलं की भात चढवायचा, अशी रीतच पडली म्हणे. वर चुलीला लाकूड फुकट. दोन वर्षांत पश्चिमेला एक झाड उरलं नाही.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात मोठं उधाण आलं, आणि त्याला अडवायला कोणी नव्हतं. बांध फुटला. शेतं खारली. गावच्या गोड्या विहिरीत हंडा सोडला तर खारं पाणी वर आलं. माणूस उपाशी दोन दिवस काढील, तहानेला काय करील? घरामागून घर तरीत, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत बसून पूर्वेला, पलीकडच्या किनाऱ्याला गेलं. जाताना पारू म्हणाली, "खिडकी उघडलीस ना बाय, घे आता पोटभर वारा."

बुधाबायने मान वर केली नाही. पहिला कोयता तिचा होता.

येसू गाठोडं बांधून उभी राहिली. "आये, चल."

"तुझा बापूस आला तर दार बंद दिसेल त्याला."

"पाच वर्षं झाली आये. बापूस आता येत नाही. मी आहे ना, मी दिसत नाही का तुला?"

बुधाबाय खाडीच्या तोंडाकडे बघत राहिली. येसू गेली.

मग बेटावर एक बाई आणि वारा, एवढंच उरलं. आठवड्याला एकदा धर्मा तरवाला यायचा आणि गोड्या पाण्याचा एक हंडा उतरवायचा. हंडा येसूचा. सोबत निरोप कधी नसे. बुधाबाय विचारायची, "काही म्हणाली?" धर्मा म्हणायचा, "हंडा दिला." तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

असं सांगतात, की पहिल्याच श्रावणात तिने नवस बोलला, तोडलं तेवढं लावीन. बेटाच्या मागच्या अंगाला थोडी कांदळं उरली होती, त्यांच्या शेंगा शेवग्यासारख्या लोंबत. त्या ती गोळा करायची आणि चिखलात खोचायची. भरती यायची, उपटून न्यायची. पुन्हा खोचायची, पुन्हा जायच्या. एक वर्ष असंच गेलं. मग तिच्या ध्यानात आलं, जुन्या खुंटाच्या आडोशाला लावलेली तेवढी टिकते. तोडलेल्या झाडाचंच बूड नव्याला धरून ठेवत होतं. तेव्हापासून ती खुंट शोधत फिरायची. आणि बोलायला कोणी नाही म्हणून एकेका शेंगेला गेलेल्यांची नावं द्यायची. "पारू, सरळ उभी राहा. तोंडाने तर लई ताठ होतीस." पारू नावाची शेंग मेली त्या दिवशी ती जेवली नाही म्हणे.

सात वर्षांत पश्चिमेला हिरवी भिंत उठली. टोपलीटोपलीने माती टाकून तिने बांधही उभा केला. पण दारासमोर एका शिडाएवढी फट तिने मोकळी ठेवली होती. दर उधाणाला पाणी नेमकं तिथून घुसायचं, बांधाला भगदाड पाडायचं, आणि विहीर होती तशीच खारी.

धर्मा एकदा बोलून गेला, "बुधाबाय, भांड्याला चकचकीत कल्हई केलीस आणि बुडाला भोक ठेवलंस."

दोन खेपा ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या खेपेला तो हंडा उतरवून निघाला आणि ती शेंगांची टोपली घेऊन फटीत उतरली. समुद्राकडे बघत लावायला गेली तर हात चालेना. मग तिने पाठ फिरवली. तोंड घराकडे, खाली वाकून, एकेक शेंग रोवत गेली. शेवटची हातात राहिली. ती तिने बराच वेळ धरून ठेवली. "हाशा," म्हणाली, आणि रोवली.

पुढली तीन वर्षं ती रोपं तिने अशीच पाठमोरी राहून सांभाळली. मागे वळून बघितलं नाही. बांध टिकला. पावसाचं पाणी शेतांतला खार धुऊन नेत राहिलं. तिसऱ्या मार्गशीर्षात तिने विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, पुन्हा चाखलं. मग येसूचा हंडा घासला, विहिरीवर भरला आणि धर्माच्या हाती दिला.

"काय सांगू?"

"हंडा दिला म्हण."

पुढच्या भांगाला ती फटीतल्या रोपांना चिखल लावत होती. पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. म्हणून तिला येणारी तर दिसली. त्याआधीची सगळी वर्षं ती पश्चिमेला बघत बसली होती. पूर्वेकडूनही धर्माखेरीज कोणी येतं, हे ती विसरूनच गेली होती. तरीत येसू उभी होती, मांडीएवढी दोन पोरं तिला धरून. मागे आणखी एक तर, तिच्यात पारू.

बुधाबाय चिखलाच्या पायांनी धावत घरात शिरली. चूल पेटवली, आधण ठेवलं. तांदूळ किती टाकावा, हे तिला आठवेना. मापटं भरून हात तसाच राहिला.

हाशा आला नाही. पण विहीर पुन्हा खारी झाली नाही, शेतं पिकली, आणि त्या एका घराच्या आज अकरा चुली आहेत. आजही भांगाच्या दिवशी पाठमोऱ्या माणसांना पूर्वेची तर आधी दिसते. तिच्यातून आपलं माणूस येवो की परकं, ज्याला आधी दिसेल त्याने चिखलातून हाळी घालायची, "भात चढवा!" आणि अकराही घरांतून धूर निघतो.