हिवरओढ्याचा अनवाणी शिपाई

हिवरओढ्याच्या वेशीवर एक दगडी शिपाई उभा आहे. नवखा माणूस त्याच्यापाशी थबकतोच, आणि त्याला दोन प्रश्न पडतात. अंगावर फौजी कपडे, डोक्यावर रुंद काठाची हॅट, मग हा गडी अनवाणी का? बूट आहेत, पण ते हातात. बंदूक तर कुठेच नाही. दुसरा प्रश्न चौथऱ्याचा. त्याच्या डाव्या अंगाला ‘घरी आलेले’ या अक्षरांखाली गावच्या फौजींची नावे दाटीवाटीने कोरली आहेत. उजवे अंगही घासून गुळगुळीत केले आहे, पण ते कोरे. शहाणी माणसे लगेच म्हणतात, पाथरवट काम अर्धे टाकून पळाला असेल. गावातले म्हातारे यावर हसतात आणि म्हणतात, बसा, आधी पाणी प्या.

गोष्ट मोठ्या लढाईनंतरची आहे. त्या लढाईवर माणूस गेला नाही असा हिवरओढ्यात उंबरा नव्हता म्हणे. कुणी आफ्रिकेच्या वाळूत गेला, कुणी ब्रह्मदेशाच्या रानात. काही परतले, काही कामी आले. हौसाबाई शेडगेचा एकुलता एक केरू मात्र ना इकडचा राहिला ना तिकडचा. मेला म्हणावे तर मरताना पाहिलेला कुणी नाही, जिवंत म्हणावे तर निरोप नाही. सरकारने त्याला बेपत्ता ठरवले. हौसाबाईने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला.

“बेपत्ता म्हंजी वाट चुकला,” ती सांगायची. “वाट चुकल्यालं मानूस दिवा लागायच्या वक्ताला घरी येतंय.”

म्हणून रोज दिवेलागणीला ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन वेशीवर जायची. आपल्याकडे लांबून आलेल्या माणसाला तडक घरात घेत नाहीत. त्याला उंबऱ्याबाहेर उभा करून भाकरतुकडा ओवाळायचा, तो टाकायचा, पायांवर पाणी घालायचे, मग आत घ्यायचे. तोवर तो आला असे धरत नाहीत. अंधार पडला की हौसाबाई तुकडा कुत्र्याला घालायची आणि माघारी फिरायची. आधी लोकांनी तिची समजूत घातली, मग त्यांना तिच्या उभे राहण्याची सवय झाली.

पुढे गावाने फौजींचे स्मारक करायचे ठरवले. सुभेदार तात्याबा त्यात पुढे होते. माणूस सच्चा, पण कवायतीचा. जेवतानाही पाठीचा कणा ताठ. त्यांनी ठरवले की मूर्ती चावडीपुढे बसवायची, चौथऱ्याच्या डाव्या अंगाला परतलेल्यांची नावे आणि उजव्या अंगाला कामी आलेल्यांची. सगळे सुरळीत चालले होते, ते केरूच्या नावाशी येऊन अडले. तात्याबा म्हणाले, उजवीकडे. हौसाबाईने पदर खोचला.

“जित्या पोराचं नाव मेल्याल्यांत घातलंसा, तर त्याच दगडावर डोस्कं फोडून घीन.”

“मग नावच नको का, काकू?”

नाव उजवीकडे गेले तर तिनेच पोराला मारल्यासारखे होणार होते, आणि नावच गाळले तर तिच्यामागे केरू नावाचा कुणी होता हे सांगायला गावात काही उरणार नव्हते. ती मान खाली घालून घरी गेली.

मूर्तीसाठी लिंबाजी पाथरवटाला आणले. तो ओढ्याकाठच्या खाणीवर काम करी, आणि गावाने त्याच्या जेवणाचे वार लावून दिले होते. रोज एक घर. चेहरा कुणाचा करायचा यावर रण माजले होते. कुणाला आपल्या बापाच्या मिशा हव्या होत्या, कुणाला भावाचे नाक. तात्याबा स्वतः वर्दी चढवून खाणीवर उभे राहिले, तेव्हा गाव म्हणाले, देवाच्या नावावर पुजाऱ्याचीच चंगळ.

लिंबाजी सगळ्यांना हो म्हणायचा आणि जेवायला बसायचा. वाढता वाढता बाया बोलायच्या. चेहऱ्याविषयी त्या फारसे सांगत नसत. त्यांचा माणूस आला तो दिवस सांगत. दारात उभा होता, बूट काढून हातात धरलेले, पायांची पार चाळण झालेली, आणि मी तुकडा आणीपर्यंत मान खाली घालून गप उभा होता. घर बदलले तरी गोष्ट तीच. हौसाबाईच्या घरचा वार आला तेव्हा तिनेही तीच सांगितली. बाकीच्यांनी झालेले सांगितले होते, हिने होणारे सांगितले. केरू असा येईल, बूट हातात घेईल, मी असे पाणी घालीन. लिंबाजीच्या हातातला घास हातातच राहिला, असे सांगतात.

काम पुरे होईतो त्याने मूर्तीवर घोंगडे टाकून ठेवले. एके दिवशी ती गाडीवर घालून वेशीपर्यंत आणली, गावाला बघता यावी म्हणून खाली उतरवून उभी केली आणि घोंगडे काढले. तात्याबांचा चेहरा लालबुंद झाला.

“ह्यो शिपाई हाय का पळपुटा? बंदूक कुठं हाय? आरं, सुभेदारानं बूट हातात धरल्यालं कुनी बघितलंय का?”

“म्या बघितलंय की,” मागून बायकांतून आवाज आला. “आपल्याच दारात.”

त्या तात्याबांच्याच मंडळी होत्या. गाव खदखदून हसले, आणि हसल्यामुळे तात्याबा जास्तच हट्टाला पेटले. ही मूर्ती वेशीच्या आत येणार नाही, असे त्यांनी बजावले. वेशीत बैल आपणहून बसले आणि उठेनात, असेही कुणी कुणी सांगतात. त्यात काही अर्थ नाही. बैल तात्याबांनी सोडायला लावले होते.

वाद घालता घालता दिवस मावळला. रोजच्यासारखी हौसाबाई तुकडा आणि तांब्या घेऊन आली. गर्दी बाजूला सारून पाहते तो वेशीबाहेर फौजी कपड्यातला एक जण, बूट हातात घेऊन, मान खाली घालून उभा.

“आरं, किती येळ झाला पोराला भाईर उभं करून?” ती कडाडली. “एवढी मानसं जमल्यात, आन् कुनी तुकडा सुदीक ओवाळला न्हाई?”

तिने डोक्यापासून पायांपर्यंत तुकडा ओवाळला आणि लांब फेकला. पायांवर पाणी घातले. मग खाली बसून पदराने ते दगडी पाय पुसले आणि पुसता पुसता वर पाहिले. हॅटच्या काठाखालचा चेहरा उभ्या माणसाला दिसत नाही. तो दिसतो फक्त पायांशी बसलेल्याला.

“आला,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. रडणे ओसरल्यावर तिने पाथरवटाला हाक मारली. “लिंबा, माझ्या केरूचं नाव लिही. डाव्या अंगाला लिही.”

सगळ्यांनी तात्याबांकडे पाहिले. हौसाबाईनेही पाहिले.

“तुकडा ओवाळला, पायावर पानी घातलं. आता आला म्हनायचं का न्हाई, तूच सांग.”

कवायतीच्या माणसाला नियम मोडता येईना. तात्याबांचा ताठ कणा वाकला. ते म्हणाले, “आला, काकू.”

तेवढे ऐकले मात्र, आणि ज्यांची माणसे कामी आली होती त्या साऱ्या बाया भाकरतुकडा आणायला घराकडे पळाल्या. त्या संध्याकाळी मूर्तीच्या पायांवर इतके पाणी पडले की वेशीत चिखल झाला म्हणे. उजव्या अंगाला लिहायला एकही नाव उरले नाही. मूर्ती चावडीपुढे गेलीच नाही, चौथराच वेशीवर आणला.

तो चेहरा कुणाचा, हे लिंबाजीने कधी सांगितले नाही. केरूचा फोटो नव्हता, पण पोराची हनुवटी आईवर जाते आणि लिंबाजी हौसाबाईच्या हातचे जेवला होता, असा काहींचा तर्क आहे. बाकीच्या बायांनाही तिथे आपापलाच माणूस कसा दिसला, हे मात्र त्या तर्कात बसत नाही.

हौसाबाईला खरेच भास झाला, की तिने सगळे जाणून तसे म्हटले, हे विचारायचे धाडस कुणाला झाले नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती वेशीवर आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

आजही हिवरओढ्याचा जवान सुट्टीवर आला की वेशीवर बूट काढतो आणि शिपायाशेजारी उभा राहतो. पहिला तुकडा दगडाला, दुसरा त्याला. कुणी तिरंग्यात लपेटून आला तरी गाडी तिथे थांबते, आई तुकडा ओवाळते आणि मग नाव कोरतात, डावीकडे. तिकडे आता जागा फार थोडी उरली आहे. तरी दर दसऱ्याला गाव चौथऱ्याचे उजवे अंग धुऊन पुसून ठेवते, आणि ते कोरेच आहे.