तीन लाल शिक्क्यांचा हुकूम

भूपालराजांच्या वाड्यात लोणचं टिके, तूप टिके, पण गुपित म्हणून टिकत नसे!

धान्यबाजारात व्यापारी मापात मारतात, अशी ओरड झाली. महाराजांनी अचानक धाड घालायचं ठरवलं. गुप्त हुकूम निघाला. महाराज बाजारात पोचले तर काय, व्यापारी हार घेऊन रांगेत उभे! मापाच्या पायल्या घासूनपुसून लख्ख, आणि नागशेट व्यापाऱ्याने तर पेढ्यांचं ताटच पुढे केलं.

"फुटला!" महाराज गरजले. "हुकूम फुटला!"

मग दिवाण अंताजीपंतांनी बंदोबस्त केला. काय तो बंदोबस्त! कारकुनांना बेलभंडाऱ्याची शपथ. नक्कल उतरवताना तोंडात पाण्याची गुळणी. घरी जाताना दारात पागोटं उलगडून झडती. आणि हुकमावर एकाच्या जागी तीन लाल शिक्के: गुप्त, गुप्त, अतिगुप्त! बाजाराची तर फारच सोय झाली. पूर्वी कुठली बातमी महत्त्वाची ते चाचपावं लागे, आता शिक्के किती ते विचारलं की काम भागे. कारकूनही शपथेला जागणारे. ते गावभर थोडंच सांगत सुटणार? विश्वासातला एखादा गाठून "तुला म्हणून सांगतो" म्हणत, बस्स.

दुसरी धाडही पेढे खाऊन परत आली.

आता कोणीतरी गुन्हेगार हवाच होता. दिवाणांनी सटवा दवंडीवाल्याकडे बोट दाखवलं. "महाराज, गावभर तोंड वाजवायचं कामच याचं. दुसरा कोण फोडणार?"

"सरकार, मी बोंबलून मरतो, तरी माझं कोण ऐकत न्हाई!" सटवा रडकुंडीला आला. "परवा घाटावर मगर आली म्हणून वरडलो, तर बाया तिथंच धुणं आपटत बसल्या!"

"ते काही नाही. सूर्य मावळायच्या आत हद्दपार!"

तेवढ्यात सटवाची लेक केवळा पुढे झाली. ती वाड्यातलं दफ्तर झाडायची, आणि झाडता झाडता अक्षरंही शिकली होती. "महाराज, पुढचा हुकूम मी फुटू दिला न्हाई, तर बाला सोडाल?"

दिवाण खो खो हसले. "पोरी, हुकूम प्रत्येक कारकुनाच्या हाती जायलाच हवा. वाड्याचा रिवाज आहे तो! पेटीत कोंडून चालायचं नाही."

महाराजांचे डोळे चमकले. त्यांना लोकांना पेचात टाकायची भारी हौस. "ठरलं! पुढच्या धाडीचा वार फक्त हुकमात लिहीन. हुकूम प्रत्येकाच्या हाती जाईल, पण एकाच्याही तोंडून बाहेर पडणार नाही. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं, तर बापाबरोबर तूही गाव सोड!"

सटवाने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे देवालाबी जमायचं न्हाई!"

"देव कुठं दफ्तर झाडतोय, बा?" केवळा म्हणाली, आणि कामाला लागली.

तिने महाराजांचा बुधवारच्या धाडीचा हुकूम घेतला. 'गुप्त'चा एकही लाल शिक्का त्याला लागू दिला नाही. उलट माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्वांनी लक्षपूर्वक वाचावे, व पुढच्यास आवर्जून पाठवावे.' आणि गोठ्याच्या डागडुजीचे, हौदाच्या साफसफाईचे कागद रोज या बैठकीवरून त्या बैठकीवर फिरत, त्यांच्याच चळतीत तो ठेवून दिला.

चळत दिवाणांकडे आली. त्यांनी सुपारी कातरता कातरता शेरा मारला, 'पाहिले'. कागद बैठकीमागून बैठक फिरू लागला.

"काय आहे हो?" एका कारकुनाने विचारलं.

"काही नाही. सगळ्यांसाठी आहे." दुसऱ्याने 'पाहिले' लिहून तो पुढे सरकवला. "ते सोडा. तीन शिक्क्यांचा आला का?"

"तोच तर येत नाहीये! भलतंच गुप्त दिसतंय काहीतरी."

बुधवार उजाडला. दिवाण, सटवा आणि केवळा यांना घेऊन महाराज धाडकन बाजारात उतरले. हार नाही, पेढे नाहीत! नागशेट खुशाल माप घालत होता. महाराजांनी पायली उलटी केली, तर आत तळाला बोटभर जाड मेणाचा थर!

नागशेट दिवाणांकडे वळला. "दिवाणजी," तो कळवळला, "दर वेळी कळवता, मग याच वेळी का नाही हो?"

"अरे, मलाच कुठे ठाऊक होतं!" दिवाण बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

केवळाने कागद पुढे धरला. "ठाऊक कसं न्हाई? हा तुमचा शेरा. खाली झाडून सगळ्या कारकुनांचे!"

"शाबास!" महाराज लालबुंद झाले. "हुकूम न वाचता शेरे मारता? लाज नाही वाटत?"

"सबूर, महाराज," केवळा म्हणाली. "फिरायच्या आधी ही चळत तुमच्याकडं आली हुती. तुम्ही सोंगट्या खेळत हुता. ह्यो 'पुढे पाठवा'चा शिक्का कुणाचा?"

महाराजांनी पाहिलं. शिक्का त्यांचाच. त्यांचाच हुकूम, त्यांनीच न वाचता पुढे ढकललेला!

सटवाने डोळेच मिटून घेतले.

आणि महाराज हसत सुटले! हसता हसता म्हणाले, "सटवा, तू सुटलास. पाच बिघे जमीन तुला इनाम! केवळा, आजपासून दफ्तर तुझ्या ताब्यात. आणि अंताजीपंत, तुम्हाला बातम्या पोचवायची हौस ना? उद्यापासून दवंडी तुम्ही पिटा!"

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फक्त एक करा. मी न वाचता शिक्के मारतो, हे कोणाला सांगू नका."

"अगाई! असं बोलू नगा, महाराज!" केवळा ओरडली. "दिवस मावळायच्या आत गावभर हुईल!"

"मग काय बोलू?"

"बोला, सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावे, व पुढच्यास आवर्जून सांगावे!"

महाराज पोट धरून असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घरंगळून नागशेटच्या गव्हात पडला.